सरांच्या टेबलावरचा कालव्यांचा ग्रंथ

मी ओश शहरातल्या कॉलेजातला कालव्यांचा ग्रंथ बोलतोय. कागदोपत्री मी ग्रंथालयात राहतो. प्रत्यक्षात इतिहासाच्या तोक्तोसून सरांच्या टेबलावर. त्यांनी मला वाचायला नेलं तेव्हा त्यांची दाढी काळी होती. माझा उपयोग होत नाही असं नाही. माझ्यावर कापड टाकून ते नान ठेवतात.

आज सकाळी दाराबाहेर कुजबुज ऐकू आली. ग्रंथपाल सायरगुलताई आणि प्रबंधवाली बेगिमाय.

"ताई, तुम्हीच मागा ना."

"मी? त्यांनी मला शिकवलंय. गुरूकडून पुस्तक परत मागतात होय? तू लहान आहेस, तुझं खपून जाईल."

बेगिमाय आत आली.

"ये पोरी, आधी चहा," सर म्हणाले.

चहा घेता घेता तिनं सांगितलं. तिच्या गावचा कालवा बायकांनी खणला, असं तिच्या प्रबंधात आहे. दुपारी समितीला माझ्यातलं मूळ पान दाखवलं नाही, तर प्रबंध बाद.

"मूळ पान कशाला? माझं पुस्तक वाच. कालवा खानाच्या मजुरांनी खणला."

"वाचलं, सर. तिथे आधार म्हणून याच ग्रंथाचं नाव दिलंय."

माझ्या त्या पानावर मजूर नाहीत, बायकांची नावं आहेत. हे मला ठाऊक होतं. सरांनाही.

सरांनी तिचा पेला काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात, म्हणजे पुन्हा ओतता येतो. भरलेला पेला म्हणजे, आता निघा.

बेगिमाय पेल्याकडे बघत राहिली. बाहेर ताई खोकल्या. मग तिनं तो कढत चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

"निघते, सर. याला घेऊन निघते."

तिनं दोन्ही हातांनी नान उचलून बाजूला ठेवलं आणि मला छातीशी धरलं.

"पोरी, समितीचा अध्यक्ष मी आहे."

"म्हणून तर चोरून नेत नाही."

आता मी समितीपुढे उघडा पडलोय. पानांत नानचे तीळ आहेत. सर पानाकडे बघतायत, बाकीचे सरांकडे. बेगिमायच्या घामेजल्या बोटाचा ठसा माझ्या समासात उमटलाय.

वाचकहो, ग्रंथालयाचं पुस्तक घरी असेल तर परत करा. नाहीतर कुणाला तरी असं उभं राहावं लागतं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वाच," ते म्हणाले. "एकही नाव गाळू नकोस."