एका हाताने खेळता येतो

“हात गेला म्हणतायत,” वहिनी फोनवर म्हणाली. “राहिलेला. डावा.”

ताई तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत एका काचेची कड घासत होती. चष्म्याच्या दुकानात सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती. डॉक्टरचा कागद वाचायचा, काच मापात घासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि उजेडात धरून बघायची. तिने मशीन बंद केलं.

“गेला म्हणजे? पडला का कुठे?”

“पडले नाहीत, काही नाही. बोटं ऐकत नाहीत म्हणतात. चार दिवस झाले, धड बोलत नाहीत. आज म्हणाले डॉक्टरांची वेळ घे. तुम्हाला सांगू नको म्हणाले, म्हणून तर सांगतेय.”

मालकाला काय सांगितलं ते ताईलाही नंतर आठवलं नाही. ती निघाली.

दादाचा उजवा हात बारा वर्षांपूर्वी खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्राखाली सापडला होता. मनगटाच्या वरून गेला. त्यानंतर घरादाराने त्याच्याशी जे गोड बोलायला सुरुवात केली, त्याला तोड नव्हती. होईल सगळं पूर्वीसारखं. अरे, काहीच कळून येत नाही! ताईसुद्धा त्यात होती, सगळ्यांच्या पुढे होती. शेवटी एकदा दादा म्हणाला, “या घरात माझ्याशी खरं बोलणारं एक माणूस उरलेलं नाही,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्याला उठवलं ते एका जुन्या व्हिडिओ गेमने. पुतण्या घर बदलताना तो ठेवून गेला होता. दादाने कंट्रोलर मांडीवर ठेवला, डाव्या हाताची पाच बोटं कशीबशी सगळ्या बटणांवर पसरली आणि तीन आठवड्यांत तो गेम संपवला. संपवल्यावर हसला. मग हौसेने नवा गेम आणला. सगळ्या परीक्षणांत त्याला दहापैकी नऊ गुण होते. दुसऱ्याच तासाला दोन हातांशिवाय पुढे सरकता येईना. हे कोणीच लिहिलं नव्हतं. लिहिणार कसं? लिहिणाऱ्यांना दोन-दोन हात, गेम कंपनीकडून फुकट आलेला, आणि खेळून बघितलेला तासभर! गुण असे उधळलेले, जशी शाळेत कुणी वाढदिवसाची चॉकलेटं वाटावीत.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हापासून. त्याच सुमाराला दादाच्या एका जुन्या मित्राने वर्तमानपत्रातली नोकरी सोडून गेमच्या बातम्यांची आणि परीक्षणांची छोटी साइट काढली होती, संपादकही तोच होता. आम्ही कोणाच्या ताटाखालचं मांजर नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी लिहून टाकलं. गेम विकत घ्यायचा, शेवटपर्यंत खेळायचा, मगच तोंड उघडायचं. ताई त्याच्याकडे लिहायला लागली. खाली नाव ‘चष्मा’. आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी तिची एक ठरलेली ओळ: एका हाताने खेळता येतो, किंवा येत नाही. त्या ओळीसाठी ती उजवा हात पदरात खोचून अख्खा गेम पुन्हा खेळायची. आठवडेच्या आठवडे जायचे. अर्धांगवायू झालेली माणसं, हात प्लास्टरमध्ये असलेली माणसं, एका कडेवर बाळ असलेल्या बायका, सगळे फक्त ती ओळ वाचायला यायचे.

दादाला तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं, “घरात मी वाट्टेल ते बोलेन, बहीण आहे. तिथे लिहीन ते मात्र खरं. माझं ऐकायचं नाही, तिथलं वाचायचं.” तेव्हापासून दादाही इतरांसारखा रांगेतला वाचक. आधी विचारायचं नाही, तिने सांगायचं नाही.

तिची एक खोड होती. लिहून पाठवलेलं ती पुन्हा बघायची नाही. गिऱ्हाईक चष्मा घालून गेलं की कोणी त्याला परत बोलावून काच तपासतं का? तसंच. अकरा वर्षं ती स्वतःचं छापलेलं एक अक्षर वाचत नव्हती. शुद्ध मूर्खपणा! पण अकरा वर्षं खपून गेला होता.

दादा खाटेवर बसला होता. डावा हात मांडीवर, आणि त्याच्याकडे असा बघत होता, जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा तरी आहे.

“तुझ्या वहिनीने चुगली केली वाटतं,” तो म्हणाला.

“केली. बोल. काय होतंय?”

“काही नाही गं. वय झालं. बोटं पोचत नाहीत. एक भिंत आहे बर्फाची, तिथून चार दिवस पडतोय. सत्तर-ऐंशी वेळा पडलो असेन. आधी वाटलं घाई करतोय. मग लक्षात आलं, बोटंच उरली नाहीत.”

“बर्फाची भिंत?” ताई म्हणाली. “डोंगर चढायचा तो नवा गेम? तो तू कशाला घेतलास?”

“तू लिहिलंस म्हणून.”

“मी लिहिलंय की येत नाही! एका हाताने त्या भिंतीवर कोणालाच जाता येत नाही. दोन्ही कडांची बटणं एकदम दाबून धरायची आणि वर तिसरं फिरवायचं. बटणं बदलायची सोयच दिलेली नाही त्यांनी. मी एकवीस दिवस घालवलेत त्या भिंतीखाली!”

दादाने फोन तिच्यासमोर धरला. परीक्षण तिचंच होतं. खाली ‘चष्मा’. शेवटची ओळ होती, ‘एका हाताने खेळता येतो.’

ताईचे कान तापले. तिने ओळ पुन्हा वाचली. मग वरचं वाचलं. बर्फाच्या भिंतीचा अख्खा परिच्छेद गायब होता.

“हे मी लिहिलेलं नाही.”

“असू दे गं.”

“असू दे काय? बदललंय कोणीतरी! दादा, माझ्याकडे बघ. तुझ्या हाताला काही झालेलं नाही.”

दादा हसला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. हॉस्पिटलात लोक फळं घेऊन यायचे आणि गोड बोलायचे, तेव्हा तो असाच हसायचा.

“कोण बदलणार? तो? ज्याने कंपनीचा फुकट आलेला गेम कुरिअरवाल्याच्या अंगावर फेकला होता? उगाच त्याचं नाव खराब करू नकोस.”

ताईने कंट्रोलर उचलला, उजवा हात पाठीमागे घेतला आणि त्याच्यासमोर ती भिंत चढायला बसली. पडली. पुन्हा पडली. नवव्यांदा पडली तेव्हा दादा म्हणाला, “पुरे. मुद्दाम पडतेयस. लहानपणी मी आजारी असलो की पत्त्यांत अशीच हरायचीस.”

तिने तिथूनच संपादकाला फोन लावला. उचलला नाही. दोनदा लावला, तिसऱ्यांदा फोन बंद लागला. मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संपादकाचं ऑफिस म्हणजे वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, तीन कॉम्प्युटर, कोपऱ्यात गेमच्या डब्यांची चवड. ताईला दारात बघून तो उठून उभा राहिला, म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.

“बसा ना ताई.”

“बसायला आले नाही. ओळ कोणी बदलली?”

“ऐकून तर घ्या. कंपनीने लेखी कळवलंय, दीड महिन्यात सुधारणा येतेय. बटणं बदलता येतील. मग तुमचीच ओळ चुकीची ठरली असती. मी फक्त थोडं पुढचं बघून…”

“दीड महिन्याने यायचंय ना? मग दीड महिन्याने लिहायचं! माणसं आज विकत घेतायत. आज पडतायत.”

“चिडू नका. सगळं काळं-पांढरं नसतं. त्यांचा पुढचा गेम आपल्याला सगळ्यांच्या आधी मिळणार होता. आठवडाभर आधी! आपल्यासारख्या छोट्या साइटला! अकरा वर्षं कुणी विचारलं नाही आपल्याला.”

“म्हणून विचारल्याबरोबर शेपूट हलवायला लागलात?”

“तोंड सांभाळून बोला.”

“का सांभाळू? तुम्ही माझ्या नावाखाली खोटं घातलंत. गुण वाढवायचे होते तर वाढवायचे होते, मेलं ते! गेमला भिकार म्हटलं होतं, त्याचं सोनं करायचं होतं. माझी एक ओळ. एक! तीच मिळाली तुम्हाला? दादा डॉक्टरकडे निघालाय. त्याला वाटतंय त्याचा दुसरा हात गेला.”

संपादक खुर्चीत बसला.

“दादाने घेतला तो गेम?” त्याने विचारलं. “मला वाटलं, तुम्ही घरी सांगितलंच असेल.”

म्हणजे बाकीच्यांचं काहीही होवो! ताईला आणखी एक शब्दही नको होता. “आत्ता बदला,” ती म्हणाली. “माझ्यासमोर. आणि खाली लिहा, ही ओळ संपादकाने बदलली होती.”

“ओळ बदलतो, परिच्छेद परत घालतो. पण ते लिहिलं तर उद्यापासून आपलं कोण वाचेल? लिहितो काहीतरी, नीट शब्दांत. आज लिहितो. शब्द देतो.”

त्याने तिच्यासमोर ओळ बदलली. परिच्छेद परत घातला. ताईने पडद्याला नाक लावून अक्षर न् अक्षर वाचलं. मग तिला वाटलं, झालं, दादाने हे वाचलं की संपलं. तिथलं तर तो मानतोच. ती जिना उतरली ती जवळजवळ पळतच. तिथे बसून राहायला हवं होतं, त्या माणसाने खाली काय लिहिलं ते बघायला हवं होतं. पण पाठवलेलं पुन्हा न बघायची सवय! अकरा वर्षांची!

ती पोचली तेव्हा दादा डॉक्टरकडे जायला कपडे बदलत होता. वहिनी रिक्षा बघायला खाली गेली होती.

“वाच,” ताईला धाप लागली होती. “आत्ता उघड आणि वाच.”

“वाचलं,” दादा म्हणाला. “तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं मघाशी.”

“मग? पटलं ना? येत नाही! लिहिलंय तिथे!”

दादाने हनुवटीने खाटेवरच्या फोनकडे खूण केली. ताईने तो उचलला. ओळ बरोबर होती, परिच्छेद होता. आणि त्याखाली बारीक अक्षरात संपादकाचे नीट शब्द होते: ‘वाचकांच्या विनंतीवरून शेवटची ओळ बदलण्यात आली आहे.’

“वाचक म्हणजे मीच ना?” दादाने विचारलं.

“नाही! दादा, तो हलकट माणूस…”

“चिडू नकोस. मला राग नाही आला.” त्याचा आवाज अगदी मऊ होता. “इतक्या वर्षांत कोणासाठी एक अक्षर वाकवलं नाहीस. कंपन्यांनी शिव्या घातल्या, तरी नाही. माझ्यासाठी वाकवलंस. मी ओळखतो गं तुला. पण नको होतंस करायला. तेवढीच एक जागा होती.”

ताईला ओरडायचं होतं. भिंत, बटणं, एकवीस दिवस, तो संपादक, त्याचा आठवडाभर आधी मिळणारा गेम, सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. ती ओरडलीही. दादाने ऐकून घेतलं. प्रत्येक वाक्याला मान हलवली. तिने हात धरून त्याची बोटं एकेक करून दाबायला लावली, तर तो म्हणाला, “हो, आहे की जोर,” आणि पुन्हा तसाच हसला.

खालून वहिनीची हाक आली. रिक्षा मिळाली होती.

“चल, उशीर होतोय,” दादा म्हणाला. शर्ट अंगावर चढवलेला होता, पण पुढून उघडाच होता. बारा वर्षं तो स्वतःची बटणं स्वतः लावत आला होता, एका हाताने, कुणाला जवळ येऊ न देता. आता तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“जरा बटणं लाव गं.”

“तुझी तू लाव,” ताई म्हणाली. “लावता येतात तुला. लाव!”

डावा हात खाली सोडून, मान थोडी वर करून दादा थांबून राहिला. खालून पुन्हा हाक आली. ताईने वरचं बटण लावलं. मग दुसरं, मग तिसरं.