कापलेली हिरवी वायर

बदलापूर गावात जयदेवांच्या ओटीवर उजाडल्यापासून ओल्या केसांच्या बायकांची रांग लागली होती. चपला अंगणात, हातात नारळ. आत हॉलमध्ये, दरवर्षी गणपती बसतो त्या जागी, जयदेवांचा अॅम्प्लिफायर विराजमान झाला होता. स्टीलच्या पेटीला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. एकेक बाई पुढे जायची, बोटं टेकवायची आणि "आई गं!" म्हणून हात मागे घ्यायची. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या म्हणजे शक्तीने हात धरला, असा तिथला हिशेब.

"न्हाऊन, अनवानी यायचं," जयदेवांच्या पत्नी सगुणाबाई प्रत्येकीला बजावत होत्या. "चपला घातल्या का शक्ती येत नाय."

त्यांची लेक जिज्ञासा भिंतीला टेकून हे ऐकत होती. ती अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीची सारी सुट्टी तिने हा सोहळा बघण्यात घालवली होती.

सुरुवात साधी होती. आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर जयदेवांनी हौसेने घरात मोठी साउंड सिस्टीम बसवली. ऐकायचं होतं एकच: सासूबाईंचे, रखमाबाईंचे धवले. लग्नात गायलेल्या त्या गाण्यांची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. रखमाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. पण गाणं लावलं की स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा आणि म्हातारीचा गळा त्यात बुडून जायचा.

मग उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका हॉलात सूर शुद्ध करून देणारे नादमहाराज भेटले. शिबिराचं नाव 'स्वहस्ते शुद्ध वायर'.

"तुमच्या घरात वीज येते कुठून?" महाराज माइकवर गरजले. "एमआयडीसीवरून! केमिकल कंपन्यांच्या नाकासमोरून! मळते बिचारी, थकते! बाजारची वायर म्हणजे गटार, आपल्या हाताने विणलेली वायर म्हणजे गंगा!"

चांगली शिकलीसवरलेली माणसं पूर्वेकडे तोंड करून वायरींची वेणी घालायला बसली. "लाल म्हणजे शक्ती, काळी म्हणजे शांती," महाराज म्हणाले. "और ये हिरवी? ही जमिनीत जाते, सुराला मातीत ओढते. ही वासना! काट डालो!" हॉलभर कटर वाजले. उभा जन्म मशीनवर घालवलेल्या जयदेवांनीही हिरवी वायर कापली. अक्कल गहाण पडायला वय आड येत नाही.

वायर घरी जोडली आणि घूं खरोखरच गेलं! रखमाबाईंचा गळा स्वच्छ घुमला. सगुणाबाई भांडी टाकून धावत आल्या, ओल्याच हातांनी पेटीला शिवल्या, आणि हातातून सळसळ गेली. "आय आली," त्या रडत म्हणाल्या. "माझी आय आली." दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, मग सारी आळी.

जयदेवांनी लेकीलाही हात लावायला लावला. तिच्या पायात रबरी स्लीपर होती. काहीच जाणवलं नाही. "नास्तिकाला नाय येनार," त्यांनी निकाल दिला. मग एकदा लादी पुसताना तिचा अनवाणी पाय ओल्या फरशीवर आणि हात पेटीवर पडला. असा झटका बसला की ती मटकन खाली बसली. न्हायलेलं अंग, अनवाणी पाय. शक्तीचे नियम आणि शॉक लागायचे नियम एकच होते.

त्या सकाळी तिने रांगेदेखत टेस्टर पेटीच्या अंगाला लावला. टेस्टरमधला दिवा पेटला.

"हा दिवा बटणाच्या बोर्डात पेटतो. देवाच्या अंगावर कसा पेटला?" तिने विचारलं. मग प्लग खोलून दाखवला. जाड पिन रिकामी होती. "पेटीच्या अंगावर थोडी वीज झिरपते. ती या हिरव्या वायरने जमिनीत जायची. तुम्ही वायर कापलीत, आता ती तुमच्या अंगातून जाते. आज झिणझिण्या आहेत. उद्या आतली वायर सुटून पेटीला टेकली, तर हात सुटणार नाही."

"मंग घूं कसं गेलं?" जयदेव गुरगुरले.

"कॉम्प्युटर एका बोर्डावर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमधून करंट फिरत होता, तोच घुमत होता." तिने हिरवी वायर जोडली, दोन्ही प्लग एकाच बोर्डात घातले आणि गाणं लावलं. रखमाबाई तितक्याच स्वच्छ गायल्या. घूं नाही, झिणझिण्याही नाहीत. "आणि महाराज इथे येऊन स्वतः पेटीला हात लावतात, तेव्हा पायात लाकडी खडावा असतात. बघितलंत ना?"

"त्यांना आशीर्वाद कशाला लागतो?" रांगेतल्या गयाबाई फणकारल्या. "ते तर देनारे!"

बायका नारळ घेऊन परत गेल्या. "घरातला देव घालवलास तू," जयदेव लेकीला म्हणाले. तिने ती विणलेली वायर कपाटात लपवली, तर जेवणं व्हायच्या आत त्यांनी नवी विणली, पुन्हा हिरवी कापून. स्वतःच्या हाताने करायला शिकवलेली गोष्ट कुणाच्या कपाटात कोंडता येत नाही. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवायला तिने वायरमन आणला, तर जयदेवांनी त्याला दारातूनच हाकललं. "शक्तीला कुलूप लावतेस?"

मग ती आईजवळ बसली. "आई, निदान पायात चप्पल तरी घाल."

सगुणाबाईंनी घासतं भांडं खाली ठेवलं. "आयला चप्पल घालून हात लावू, पोरी?"

गळा पेटीत नाही, गाण्यात आहे, हे जिज्ञासाने सांगून पाहिलं. आईने मान हलवली आणि ओले हात पदराला पुसले, तेही अर्धवटच.

दुसऱ्या सकाळी रांग आणखी लांब होती. आळीतली सात महिन्यांची गरोदर कीर्ती, केस निथळत, पुढून तिसरी उभी होती. पहिला मान सगुणाबाईंचा. जिज्ञासा मेन स्विचपाशी उभी राहिली, बोटं खटक्यावर, नजर आईच्या पायांवर. बंद केला तर वडील पुन्हा चालू करणार, हे दोनदा झालं होतं. आता काही झालं तर खटका पाडायचा, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. आणि उद्या शाळा उघडणार होती.

तुमच्या गावात असा देव प्रकटला, तर बाबांनो, हात जोडा हवे तर, पण लावू नका. आधी प्लग खोला आणि जाड पिनेला हिरवी वायर आहे का बघा. आणि तुमच्या घरातली एखादी पोर असंच कळवळून सांगत असेल, तर तिची सुट्टी संपायच्या आत तिचं ऐका.

सगुणाबाईंनी डोळे मिटले, आईचं नाव घेतलं आणि ओला हात पुढे केला.