निळ्या रेषेची एक्केचाळीस घरं

दोर्साफ समुद्रापलीकडच्या स्फॅक्स शहरातून चित्रकला शिकून परत आली, त्याच वर्षी आमच्या रास अल-मल्ह गावाला पहिल्यांदा लोकांनी निवडून दिलेली नगरपालिका मिळाली. मी तिथे कारकून. नवा कायदा असा होता की गावाचं मोठं काम ठरवायचं तर आधी लोकांना बोलावून विचारायचं. आम्ही बोलवायचो, लोक यायचे नाहीत. पहिल्या सभेला अकरा माणसं होती, त्यातली चार चहासाठी.

आमचं बेट ताटासारखं सपाट. समुद्र दरवर्षी थोडा आत सरकतो. खालच्या आळीतल्या विहिरी खाऱ्या झाल्यात, खजुराची झाडं उभ्या उभ्या वाळून नुसते खांब राहिलेत. सगळ्यांना दिसत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

दोर्साफ नगराध्यक्ष हेदींकडे येऊन म्हणाली, "लोक सभेला येत नाहीत ना? मग सभा त्यांच्या भिंतीवर नेऊ."

तिनं समुद्राच्या पातळीच्या मोजणीचे आकडे मिळवले होते. तीस वर्षांनी भरतीचं पाणी ज्या घरांत शिरेल, त्या प्रत्येक घराच्या भिंतीवर पाण्याच्या उंचीला निळी रेष काढायची. ज्याची त्यानं रंगवायची, खाली आपलं नाव लिहायचं. मग अख्ख्या गावानं बसून उपाय ठरवायचा. हेदींना कल्पना आवडली. नावांची यादी ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात तिनं म्बारका मावशीच्या घरापासून केली. म्बारका म्हणजे दोर्साफच्या आईची बहीण. आई गेल्यावर तिनंच दोर्साफला वाढवलं. विधवा बाई, घर अगदी पाण्याशी.

"भिंतीला चुना लावून दोन महिने नाही झाले," मावशी म्हणाली, "आणि तू मला बुडायची जागा दाखवतेस?"

"बुडू नये म्हणून दाखवतेय, मावशी."

"समुद्राला वाचता येते का तुझी रेष?"

"समुद्राला नाही गं. गावाला."

मावशीनं कुरकुरत ब्रश घेतला आणि मग सोडलाच नाही. रेषेखाली तिनं मासे काढले, ऑक्टोपस काढले; नाव तेवढं दोर्साफकडून लिहून घेतलं. दोर्साफनं काढलेल्या ऑक्टोपसकडे बघून म्हणाली, "एवढं शिकून काय उपयोग? पाय तरी मोजून काढ."

ते बघायला शेजारणी आल्या. महिन्याभरात खालच्या आळीतली एक्केचाळीस घरं रंगली. वरच्या आळीपर्यंत पाणी पोचणार नव्हतं, तरी तिथले लोकही मदतीला आले. बेकरीवाला बशीर तर रोज दुपारी भट्टी उरकून यायचा आणि दोर्साफसाठी रंगाचे डबे उचलायचा. पुढच्या सभेला शाळेचं अंगण भरलं. म्हातारे रडले, बायका पहिल्यांदा माईकवर बोलल्या. दगडी बांध हवा, असं एकमुखानं ठरलं. बांध कुठून जाणार, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी राजधानीहून इंजिनियर आला. त्यानं माझी यादी मागितली, भिंतींचे फोटो घेतले. मग हेदींनी पुन्हा सभा बोलावली.

ते अगदी मऊ आवाजात बोलले. दोन वाटा होत्या. किनाऱ्याला धरून बांध घातला तर सगळं गाव वाचेल, पण त्याला बारा वर्षं लागतील. रेषेच्या घरांच्या मागून घातला तर दोन वर्षांत होईल. मग खालची आळी उठवावी लागेल, त्या लोकांना स्फॅक्सला नव्या इमारतींत जागा मिळेल. "निर्णय तुमचा," हेदी म्हणाले. "मी कोण ठरवणारा?"

खालच्या आळीत गलका झाला. तेव्हा बशीर उठला.

"पाणी येणार हे तुम्हीच स्वतःच्या हातानं लिहिलंय ना?" तो म्हणाला. "सही केलीय. मग आता भांडताय कशाला?"

कुणी त्याला खाली बसवलं नाही.

पडद्यामागे ऑक्टोपस धरायची दोन मातीची गाडगी ठेवली होती. दर घरामागे एक खडा. दोर्साफवर सगळ्यांचा विश्वास, म्हणून मोजायला तिलाच बसवलं. किनाऱ्यावरच्या बांधाला त्रेचाळीस. रेषेच्या घरांमागच्या बांधाला एकशे एकसष्ट.

म्हणजे वरच्या आळीतल्या दोनच घरांनी खालच्यांना साथ दिली. आज गावात विचारलंत तर पन्नास जण सांगतात, त्या दोनांतला एक मी. मी नव्हतो. माझ्या भिंतीला रेष नव्हती, घरात दोन मुली होत्या. दोर्साफचे वडीलही वरच्या आळीतले. त्यांचा खडा कुठे पडला, हे तिनं त्यांना कधीच विचारलं नाही.

म्बारका मावशी टेबलापाशी आली. "परत मोज."

दोर्साफनं परत मोजले. एक खडा खाली पडला, तो मावशीनंच उचलून दिला. आकडा तोच आला.

"बरोबर मोजलंस," मावशी म्हणाली. "लहानपणी तुला वीसच्या पुढे येत नव्हतं. मीच शिकवलं."

दुसऱ्या दिवशी दोर्साफ चुन्याची बादली घेऊन खालच्या आळीत गेली. रेषा पुसायच्या होत्या तिला. मावशी दारात उभी राहिली. "हात लावायचा नाही. खाली नाव माझं आहे."

त्यानंतर खालच्या बायका दोर्साफला बघून दारं लावून घ्यायच्या. वरची माणसं तिला घरी बोलवायची, कुसकुस वाढायची, तुझ्यामुळे गाव वाचलं म्हणायची. ते तिला जास्त झोंबायचं. एका घरी ती भरल्या ताटावरून उठून निघून गेली.

घर सोडायचे कागद मी घेऊन फिरलो. म्बारका मावशीला वाचता येत नव्हतं. मी वाचत गेलो आणि 'स्वेच्छेने' या शब्दाला अडखळलो.

"काय म्हणालास?"

"स्वेच्छेने. म्हणजे आपणहून."

"बरं." तिनं अंगठा उमटवला आणि म्हणाली, "आलाच आहेस तर गादी उचलायला हात लाव."

घरं पाडली. त्यांचाच राडारोडा बांधाच्या पोटात भरला. दोन वर्षं सांगितली होती, वीस महिन्यांत बांध उभा राहिला. लोकसहभागाचं उत्तम उदाहरण म्हणून राजधानीत हेदींचा सत्कार झाला. दोर्साफलाही बोलावणं होतं, ती गेली नाही.

ती दर शुक्रवारी बोटीनं स्फॅक्सला जाते. मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. गेल्या हिवाळ्यात मावशीच्या पेन्शनच्या कागदासाठी मीही दोर्साफबरोबर गेलो. मावशीनं दार उघडलं, दोर्साफच्या हातातली भाकरी आणि ऑलिव्हची पिशवी घेतली, मला आत घेतलं आणि दार लावलं. दोर्साफ जिन्यातच बसली. तिला सवय झाली होती.

मावशीनं मला चहा दिला. माझ्या मुलींची नावं घेऊन चौकशी केली. मला राहवलं नाही.

"मावशी, तिला आत घे. खडा मी टाकला होता, तिनं नाही."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "पण तुझ्याकडून मला कधीच काही अपेक्षा नव्हती."

तिनं माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला आणि साखर पुढे सरकवली.