आग्या मोहोळाखालचं फोटोशूट

साखरपुडा झाला तरी आरती गोरखला अजून ‘अहो’च म्हणायची. दोघांची घरं मूळची आंबेगाव तालुक्यातली, पण दोघंही भोसरीत वाढलेले. गाव त्यांना जत्रेपुरतं माहीत. लग्नाआधीचे फोटो डिंभे धरणाच्या पाण्याकाठी काढायचे, हे गोरखनं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून ठरवलं होतं. बरोबर त्याचा मित्र पप्पू होता. कॅमेरा त्याचा, ड्रोनही त्याचाच.

जागा छानच होती. मागं उंच काळा कडा, पुढं पाणी आणि मधल्या मोकळ्या रानात मेंढ्यांचा वाडा उतरलेला. बिरदेव आणि सरुबाई या मेंढ्या घेऊन रानोरान फिरणाऱ्या धनगर नवराबायकोचा तो तळ. आरतीचा पिवळा घोळदार झगा कुसळांत अडकत होता. सरुबाईनं तो मागून उचलून धरला, आपलं एक कोकरू आणून तिच्या हातात दिलं आणि ती म्हणाली, "ह्याला घे गं. फोटूत गोड दिसंल."

पप्पूनं ड्रोन बाहेर काढला तसा बिरदेव उठून आला.

"पावणं, ते वर नका नेऊ. कड्याला आग्या मोहळं हायेत."

कपारीखाली मोठाले काळे पडदे लोंबत होते. गोरखनं मान वर करून पाहिलं. "पाचच मिनिटं, काका. लांबूनच घेतो."

"अहो, नको ना," आरती म्हणाली. "खालचे फोटो झालेत की."

"उडवू द्या की वाईच," सरुबाई नवऱ्याला म्हणाली. "लोकांच्या लग्नातबी असलं लांबूनच बघितलंय म्या. बघू तरी कसं उडतंय."

बिरदेवनं हात झटकले आणि तो मेंढ्यांकडं गेला.

ड्रोन वर गेला. सरुबाई तोंडाला पदर लावून हसत बघत राहिली. पप्पूला मोहळं आणि खाली उभं जोडपं एकाच चौकटीत हवं होतं. त्यानं ड्रोन आणखी आत घातला. एका पडद्यावरून पाण्यावर वारा फिरावा तशी लाट फिरली. मग तो पडदा जागेवर राहिलाच नाही.

आवाज आधी आला. पप्पू कंट्रोल टाकून गाडीकडं पळाला. गाडी बंद होती आणि किल्ली गोरखच्या खिशात होती. पप्पू तसाच वळला आणि मेंढ्यांच्या गर्दीत आडवा झाला. गोरख पाण्याच्या दिशेनं धावत सुटला.

"पान्यात नको!" बिरदेव ओरडला. "डोकं वर काढलं की धरत्यात!"

गोरखला ऐकूच गेलं नाही. आरतीनं कोकरू खाली सोडलं, झगा गुडघ्यापर्यंत गोळा केला आणि ती त्याच्या मागं धावली. तिनं त्याचा सदरा मागून पकडला.

"गोरख, थांब! खाली बस, गाढवा!"

तो बसला. सरुबाई तळावरच्या घोंगड्या घेऊन धावत आली. तिनं एक दोघांवर टाकली आणि स्वतः दुसरी ओढून शेजारी पडली.

घोंगडीत अंधार होता आणि मेंढीचा उग्र वास. वरून कुणी मूठमूठ वाळू फेकावी तशा माश्या आदळत होत्या.

"तुला पोहता येतं?" आरतीनं विचारलं.

"नाही."

"मग पाण्याकडं कशाला पळत होतास?"

"तू मला गाढव म्हणालीस," तो म्हणाला.

आरतीला आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं, मग हसू फुटलं. ती थांबायचा प्रयत्न करी तितकं ते वाढे. मग तोही हसायला लागला. पलीकडच्या घोंगडीतून सरुबाई दबक्या आवाजात म्हणाली, "हालू नगा रं. हासा, पर हालू नगा."

माश्या कड्याकडं परतल्यावर चौघं हळूच उठले आणि लांब, झाडाखाली गेले. बिरदेव मेंढ्या हाकत आधीच तिथं पोचला होता. पप्पूचा एक डोळा पार मिटला होता. गोरखच्या मानेवर गांधी उठल्या होत्या. आरती त्यांतले माश्यांचे काटे नखानं खरवडून काढत होती. सरुबाईचं नाक वांग्यासारखं झालं होतं.

"मावशी, माझं चुकलं," गोरख म्हणाला. "काका सांगत होते, ही सांगत होती."

"माझंबी चुकलं की. मलाच बघायची हौस," सरुबाई नाक चाचपत म्हणाली. "पर काय उडालं रं ते!"

बिरदेव मेंढ्यांजवळ थांबला आणि बाकीचे गाडीनं घोडेगावच्या दवाखान्यात गेले. सरुबाई पुढच्या सीटवर ऐटीत बसली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना इंजेक्शनं दिली, तासभर बसवून ठेवलं, गोरखला दोन शब्द सुनावले आणि धोका नाही म्हणून सोडलं.

परत आले तेव्हा बिरदेवनं झाडाखाली चूल मांडून शेळीच्या दुधाचा चहा केला होता. ड्रोन वर कपारीत अडकला होता. पप्पूनं उघड्या डोळ्यानं तिकडं एकदा पाहिलं. "राहू दे तिथंच," तो म्हणाला आणि चहा घेतला.

गोरखच्या आईचा फोन आला. आरतीनंच उचलला. "झाले फोटो, आई. नाही, आम्ही ठीक आहोत. घरी आल्यावर सांगतो, आधी तुम्ही खाली बसा." बोलता बोलता तिनं गोरखकडं पाहिलं आणि तिला पुन्हा हसू आलं.

निघताना गोरख म्हणाला, "वैशाखात लग्न आहे. दोघांनी यायचंच."

"मेंढरं कुठं ठिवू?" सरुबाईनं विचारलं.

"त्यांनाही आणा," आरती म्हणाली.

सगळे हसले. बिरदेव मात्र हसला नाही. तो दाढी खाजवत पाण्यापलीकडं बघत होता.

"वैशाखात आमी चाकणाच्या अंगाला असतो," तो म्हणाला. "तिथनं भोसरी काय लांब न्हाय. पर हायवे ओलांडायचा तर पहाटंच निगावं लागंल. तुमच्या मांडवाजवळ मेंढरांच्या पान्याचं काय हाय?"