दारातली आनंदीबाई

राहीचं लग्न झालं ते एकोणीसशे पंचावन्न सालच्या वैशाखात, रत्नागिरीत मारुती आळीतल्या तिच्या मामांच्या घरी. दोन्हीकडची मिळून तीसेक माणसं. बँड नाही, वरात नाही. नवरामुलगा पालीचा, तिथल्या बाजारात त्यांचं किराणा मालाचं दुकान. राही चार वर्षांची असताना तिचे वडील गेले होते, आणि आई आनंदीबाईंनी लोकांच्या घरी स्वयंपाक करून तिला वाढवलं होतं. मामांनी हौस केली ती एकच. फोटोग्राफर बोलावला.

तो श्रीपती. त्याच्याबरोबर त्याची बायको सुनेत्रा असायचीच. नवरीचा पदर सारखा करायचा, बायकांना ओळीत बसवायचं, ही कामं परक्या पुरुषाला कशी जमणार? शिवाय काचेच्या प्लेटवर, म्हणजे निगेटिव्हवर, सुरीच्या टोकानं करायचं बारीक काम, देवीचे व्रण घालवणं, डोळ्यांखालचं काळं कमी करणं, सगळं सुनेत्राच करी. श्रीपतीचा हात जड, आणि तसं तो स्वतःच सांगे.

कन्यादान मामा-मामींनी केलं. आनंदीबाई पहाटेपासून चुलीपाशी होत्या. विधवेनं मांडवात पुढं यायचं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. अंगणात फोटोची तयारी चालली होती तेव्हा सुनेत्रा निऱ्या नीट करायला वाकली, आणि राही हळूच म्हणाली, "वहिनी, आईचा एकसुद्धा फोटो नाही. तिला कुठंतरी घ्याल?"

सुनेत्रानं मान वर केली. आनंदीबाई ओटीच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. बोलावून त्या आल्या नसत्या. आल्या असत्या तर पाहुण्यांनी उठवलं असतं. मग तिनं नवऱ्याला सांगितलं की नवरीवर झावळीची सावली येतेय, कॅमेरा जरा डावीकडे घ्या. सावली कुठंच नव्हती. श्रीपतीनं काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं, बायकोकडे एकदा बघितलं आणि मुकाट्यानं प्लेट चढवली. हलू नका म्हटल्यावर सगळे होते तसे थांबले, आणि त्यांच्याबरोबर दारातल्या आनंदीबाईही.

चार दिवसांनी सुनेत्रानं कच्चा प्रिंट काढला. कच्चा प्रिंट नुसता पसंतीपुरता. हायपोच्या पाण्यात घालून पक्का केला नाही तर उजेडात तो काळा पडत जातो. तो बघायला नवऱ्यामुलाचे काका, आप्पा, पालीहून आले. माणूस वाईट नव्हता. फोटोचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि मग दारावर बोट ठेवलं. म्हणाले, श्रीपतराव, एवढ्या ह्या बाईंना घालवा. मंगलकार्याचा फोटो, भिंतीवर लागायचा, आमच्याकडच्या बायका बोलल्याशिवाय राहायच्या नाहीत. श्रीपती बघतो म्हणाला. आप्पा गेल्यावर सुनेत्रानं साफ सांगून टाकलं की ह्या प्लेटला आपण सुरी लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई स्वतःच आल्या. आप्पा मामांच्या कानावर घालून गेले होते. त्यांनी फोटो मागून घेतला, बराच वेळ डोळ्यांपासून लांब धरला.

"इतकी म्हातारी झाले होय गो मी?" म्हणाल्या, आणि थोडं हसल्या. मग फोटो पालथा ठेवला. "घालव मला ह्यातून."

"राहीनं मागून घेतलाय हा," सुनेत्रा म्हणाली.

"म्हणूनच सांगत्ये. उद्या त्या घरात गाय आटली, पोर आजारी पडलं, की बोट ह्या फोटोकडे जाईल. फोटोला कोण काय बोलणार? बोलतील ते माझ्या पोरीला."

त्यांनी सुनेत्राचा हात धरला तो हो म्हणवून घेईपर्यंत सोडला नाही. राहीला काही कळता कामा नये, हेही कबूल करून घेतलं.

सुनेत्रानं मनाशी एक ठरवलं. शब्द प्लेटचा दिला होता, कागदाचा नव्हता. संध्याकाळी हायपो कालवला की हा कच्चा प्रिंट पक्का करायचा आणि राहीसाठी जपून ठेवायचा. मग ती सुरी घेऊन खिडकीशी बसली. प्लेटवर सगळं उलटं असतं, अंधार पारदर्शक आणि उजेड काळा. पदर कुठं संपतो आणि दार कुठं सुरू होतं ते उमगेना, म्हणून तिनं तो प्रिंट खिडकीच्या कट्ट्यावर समोरच टेकवून ठेवला. भिंगातून बघत ती एकेक कण खरवडत राहिली. आधी पांढरं लुगडं, मग हात, शेवटी तांदळाएवढा चेहरा. त्याला तिनं सगळ्यात जास्त वेळ लावला. एक ओरखडा उठला असता तरी आप्पांच्या लक्षात आलं असतं, आणि काम तर तिला चांगलंच करायची सवय होती.

सुरी खाली ठेवली तेव्हा दार रिकामं झालं होतं. ऊन कट्ट्यावर आलं होतं. प्रिंटवर आता नवरी नाही, नवरा नाही, तपकिरी काळोख नुसता. ती तशीच अंधाऱ्या खोलीत धावली, घाईघाईनं हायपो कालवून प्रिंट त्यात बुडवला. पक्का झाला तो काळोखच.

आनंदीबाई दोन वर्षांनी विषमज्वरानं गेल्या. तेरावा झाल्यावर राही कडेवर मुलगी घेऊन स्टुडिओत आली. सासरी लागलेला फोटो तिनं पाहिलाच होता. पण आपल्या सांगण्यावरून वहिनींनी आईला कुठं ना कुठं घेतलं असेल, एखादी प्लेट असेल, असं धरूनच ती चालली होती. सुनेत्रानं सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. राही रडली नाही, चिडलीही नाही. मुलीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"कशी दिसत होती त्यात?"

"तुझ्याकडे बघत होती. ऊन होतं म्हणून डोळे बारीक केलेले. पिठाचा हात पदराला लागू नये म्हणून असा लांब धरलेला."

"आणखी सांगा."

आप्पा एकसष्ट साली गेले. नातवाच्या लग्नाच्या फोटोत त्यांच्या बायकोला कुणी बसवलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. श्रीपतीनं स्टुडिओ अडुसष्टला विकला आणि दोन वर्षांत तोही गेला. सुनेत्रानं त्या प्लेटनंतर व्रण घालवले, डाग घालवले, पण माणूस कधी घालवला नाही. म्हातारपणी ती दापोलीला भाच्याकडे राहिली. राही वर्षातून एकदा एसटीनं तिला भेटायला जाई, आणि चहा झाला की आईच्या चेहऱ्याबद्दल काहीतरी विचारी. भुवया जुळलेल्या होत्या का? हनुवटीवर खळी होती की मला वाटतं उगीच? सुनेत्रा डोळे मिटून सांगे. तो चेहरा तिच्याइतका जवळून कुणीच पाहिला नव्हता.

ब्याऐंशी साली सुनेत्रा वारली. राही त्यानंतरही वीस वर्षं जगली. पणजी कशी होती म्हणून नातवंडांनी विचारलं की ती सांगायची, उंच होती, सावळी होती. नाक कसं होतं म्हटलं की थांबायची, आणि कुणीतरी दुसरा विषय काढायचं.