राजीनामा हुआ

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी हा विषय काढला त्यांना वाटलं होतं की मी ते लपवीन. त्यांची निराशा झाली.

आमची कंपनी मोटारींच्या दारांची कुलपं बनवते. एक कारखाना चाकणला, दुसरा दिल्लीजवळ हरियाणात, मानेसरला. दोन्हीकडच्या कामगारांच्या नोंदी एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या असं गेल्या वर्षी ठरलं. चाकणच्या नोंदी मराठी-इंग्रजीत, मानेसरच्या जुन्या नोंदी हिंदीत, जाड रजिस्टरांत, हाताने लिहिलेल्या. दोन्ही भाषा येणारं माणूस शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. मी मानेसरच्या ऑफिसात सतरा वर्षं आहे. जन्म दिल्लीचा, घर तिथल्याच द्वारकेत, आणि घरातली मराठी अशी की पुण्याचे पाहुणे दचकतात.

ते बाबांमुळे. माझे वडील, विश्वनाथ, केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले, पण भाषेच्या बाबतीत त्यांनी इंचभर जागा सोडली नाही. शाळेतून मी 'इस्तीफा' असलं काही तोंडात घेऊन आले की ते पेपर खाली ठेवायचे. "राजीनामा म्हण. आपल्या घरात आपले शब्द." कॉलनीतली बाकीची मराठी मुलं "यार, मला भूक लगली" असं बोलायची आणि मी नाकाने कांदे सोलत त्यांना सुधारायचे. मराठी टिकवल्याचा मला माज होता. अजून आहे.

काम होतं शब्द जुळवण्याचं. इकडचा हा शब्द म्हणजे तिकडचा तो, आणि सॉफ्टवेअरमध्ये दोघांसाठी मिळून एक. असा दोनशे चौदा शब्दांचा तक्ता मी केला. दिसतं तेवढं ते सोपं नसतं. चाकणच्या रजिस्टरात 'बदली' म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरता आलेला कामगार. मानेसरच्या रजिस्टरात 'बदली' म्हणजे दुसऱ्या विभागात पाठवलेला. शब्द एकच, पण एक माणूस उपरा आणि दुसरा कायमचा. हे मी पकडलं. आमचे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख, सुधन्वा, पुण्याहून फोनवर म्हणाले, "पद्मजाताई, तुमच्याशिवाय हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं." मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि पुढच्या शब्दावर गेले.

पुढचा शब्द होता 'राजीनामा'.

मानेसरच्या २०१६ च्या रजिस्टरात अडतीस नावांपुढे एकाच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: '१९ सितंबर, राजीनामा हुआ. २० सितंबर, हाज़िर.' मी तक्त्यात लिहिलं, राजीनामा म्हणजे नोकरी सोडली. चाकणहूनही तेवढ्याच सहज मान्यता आली, कारण तिकडेही माझ्यासारखेच लोक बसले होते. अडतीस माणसं एकाच दिवशी नोकरी सोडून दुसऱ्या दिवशी परत कशी आली, हा प्रश्न मला पडला होता. मी म्हटलं, तावातावाने दिला असेल, रात्री बायकांनी समजावलं असेल. झालं. सॉफ्टवेअरने त्या अडतीस जणांची जुनी नोकरी संपवली आणि २० सप्टेंबर २०१६ पासून नवी चालू केली. तक्त्याखाली सही माझी.

या फेब्रुवारीत एक लाइन बंद करायचं ठरलं. कपातीचा नियम साधा आहे, शेवटी आला तो आधी जाणार. फलकावर यादी लागली आणि त्याच दुपारी सतबीर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. सतबीर पटौदीकडचा, २००८ पासून आमच्याकडे, कुलपाची स्प्रिंग डोळे मिटून बसवतो. त्याच्या हातात यादीचा फोटो होता.

"मैडम, इसमें लिख राख्या सै, मन्नै सोलह में नौकरी छोड्डी थी. मन्नै तो कदे छोड्डी ए कोनी."

नोकरी कधी सोडलीच नाही म्हणतो? मी त्याला रजिस्टर काढून दाखवलं. जरा ठसक्यातच. "ये देखो. राजीनामा."

त्याने ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. लहान मुलीला सांगावं तसं तो म्हणाला, "मैडम, राजीनामा तो सुलह नै कह्या करैं. झगड़ा होया था, सुपरवाइज़र नै एक लड़के के थप्पड़ मार दिया था. बारह दिन काम बंद रह्या. फेर दोनूं पार्टी राज़ी होगी. राजीनामा होग्या."

ते बंदचे दिवस मलाही आठवले; रजिस्टरातल्या त्या तारखेशी मी ते कधी जोडलेच नव्हते. दोन्ही पक्ष राजी झाले, समेट झाला, म्हणून राजीनामा. इथल्या ठाण्यात, कचेरीत, पंचायतीत रोज वापरला जाणारा शब्द. आणि मी एकोणपन्नास वर्षं या मुलखात राहून तो कधी ऐकला नव्हता, कारण ठाण्या-कचेरीत जाण्याची वेळ आमच्यासारख्यांवर येत नाही. माझा राजीनामा घरातला होता, बाबांच्या पेपरातला. मी पुन्हा ती ओळ वाचली. 'राजीनामा हुआ.' राजीनामा देतात, हो, पण तो कधी होतो का? क्रियापद समोर ढळढळीत बसलं होतं. मी शब्द उचलला आणि क्रियापद टाकून दिलं, कारण सॉफ्टवेअरच्या रकान्यात क्रियापदाला जागा नव्हती.

माझे कान तापले. सतबीर चव्वेचाळीस वर्षांचा आहे. मानेसरमध्ये पंचविशीच्या मुलालाही कंत्राटावर घेतात आणि सात महिन्यांवर कुणी ठेवत नाही. याला कोण नव्याने घेणार होतं? मी त्याला म्हटलं, "गलती मेरी है. ठीक मैं ही करूँगी."

मला खरंच वाटलं, एका फोनचं काम आहे.

सुधन्वा त्या आठवड्यात मानेसरला आलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि दार लोटून घेतलं.

"ताई, शब्दकोशात पाहिलंत? राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तुमचं बरोबरच आहे."

"मराठी शब्दकोशात. रजिस्टर लिहिणारा इकडचा, झज्जरचा होता."

"डेटा आता गोठवलाय. आणि हे बघा, याद्या निघाल्यावर चूक झाली म्हणायचं तर चूक कुणाची, हेही सांगावं लागेल. सतरा वर्षांचं नाव आहे तुमचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हा मला कळलं की माझी चूक या गृहस्थांना किती आवडली होती. काम बंद पाडणारे तेच अडतीस जण फुकटात सेवाज्येष्ठतेच्या यादीच्या तळाशी आले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बीळ खणलं होतं मी.

"आणि हे अडतीस वाचले," ते पुढे म्हणाले, "तर दुसरे अडतीस जातील. त्यांना काय सांगाल?"

हा प्रश्न खोटा नव्हता. पण मला त्या क्षणी इतका राग आला होता की आवाज बाहेरपर्यंत गेला. "कुणाला काढायचं ते तुम्ही ठरवा, सर, आणि त्यांच्या तोंडावर जाऊन सांगा. पण माझ्या चुकीच्या आडून नाही. माझी चूक काही कंपनीची मालमत्ता नाही!"

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक कागद आला. नोंदी सॉफ्टवेअरमध्ये आल्यामुळे जुनी रजिस्टरं रद्दीत देण्यास हरकत नाही, सही करा. मी त्यावर 'हरकत आहे' असं लिहिलं, सही केली, आणि २०१६ चं रजिस्टर माझ्या कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली.

घरी बाबांना सांगितलं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हल्ली ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. पेपर खाली ठेवून म्हणाले, "पमे, नोकरीची नऊ वर्षं राहिलीत तुझी. तू काही मुद्दाम नाही केलंस. गप्प राहिलीस तर कोण विचारणार आहे?"

"तो सतबीर विचारतोय, बाबा."

"पण शब्द तर आपलाच बरोबर आहे."

"आपल्या घरात," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना भाषेवरून उलट बोलले. त्यांना लागलं. मलाही लागलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

कामगारांनी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार केली. सुनावणीला तक्ता करणारीलाही बोलावणं आलं. गाडीत सुधन्वा माझ्या शेजारी बसले आणि गुरुग्रामपर्यंत अगदी गोड बोलले. "तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, मराठीत याचा अर्थ नोकरी सोडणं असा होतो. खोटं तर नाही ना ते? पुढचं मी बघतो." माझ्या पायाशी तागाची पिशवी होती. त्यांना वाटलं डबा असेल.

खोलीत एका बाजूला सतबीर आणि आणखी चौघं, दुसऱ्या बाजूला आम्ही. अधिकारी जाड चष्म्याचे, सर्दी झालेले. सुधन्वांनी सॉफ्टवेअरचा छापील कागद पुढे केला आणि माझ्याकडे हात दाखवला. सतरा वर्षांचा अनुभव, दोन्ही भाषांवर प्रभुत्व, यांनीच हे प्रमाणित केलंय.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि ते चक्क हसले. "राजीनामे का मतलब इस्तीफ़ा? कौन से मुल्क में, जी?"

"हमारे," मी म्हटलं. "महाराष्ट्र में यही मतलब है. लेकिन लिखने वाला यहाँ का था, मतलब भी यहाँ का ही चलेगा." मी पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं, ते पान उघडलं. "पूरा पढ़िए. राजीनामा दिया नहीं, राजीनामा हुआ. मैंने आधा वाक्य पढ़ा और अड़तीस लोगों की नौकरी के आठ-आठ, दस-दस साल मिटा दिए. गलती मेरी है, और कंपनी को ये बात सोलह दिन से मालूम है."

सुधन्वांनी मराठीत, दातांमधून, म्हटलं, "आपल्याच माणसाने पाय ओढायचे!"

"आपली माणसं कोण, ते कुठल्या तक्त्यात ठरलंय?" मीही मराठीतच विचारलं.

अधिकाऱ्यांनी मला ते लिहून द्यायला सांगितलं. सगळ्या कॉलनीला शुद्ध बोलायला शिकवणारी मी, एका शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता असं सरकारी कागदावर लिहीत होते. पण वाक्यं पूर्ण लिहिली. कर्ता, कर्म, क्रियापद. कर्ता मी. अधिकाऱ्यांनी यादी थांबवली आणि अडतीस जणांच्या तारखा दुरुस्त करून मगच नवी यादी आणायला सांगितलं. परत येताना कंपनीची गाडी माझ्यासाठी थांबली नाही. मी शेअर ऑटोने आले.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर माझं कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. चौकीदार खाली बघत म्हणाला, "मैडम, ऊपर से ऑर्डर है. काग़ज़ अभी आया नहीं."

"काग़ज़ नहीं आया, तो मैं आई हूँ. लिखो." मी त्याच्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ओढून घेतली आणि त्यात स्वतःच लिहिलं: 'पद्मजा, काम पर आई. अंदर नहीं जाने दिया.' वेळ टाकली, सात पन्नास. उद्याही लिहीन, परवाही लिहीन. काढायचं असेल तर 'काढलं' असं लिहून द्यावं लागेल. मी आपण होऊन गेले असं कुणाला कुठल्याही भाषेत लिहिता येणार नाही. मग चौकीदाराच्या बाकावर जाऊन बसले.

आठची पाळी यायला लागली. सतबीरने मला बाकावर पाहिलं आणि तो थांबला. त्याच्यामागचे थांबले. कुणीतरी काय झालं ते विचारलं, कुणीतरी सांगितलं, आणि बघता बघता फाटकापाशी तीसेक जण उभे राहिले. सतबीरने डबा खाली ठेवला आणि माझ्या बाकाशेजारी जमिनीवर बसायला लागला.

"मैडम अंदर कोनी जावैंगी तो हम भी कोनी जावैं."

मला रडू येत होतं, म्हणून मी जोरात ओरडले. "उठ! पागल हो गए हो क्या? आठ बजने में चार मिनट हैं. आज बाहर बैठे तो वो यही लिखेंगे, काम छोड़कर चले गए. फिर से तारीख काटेंगे तुम्हारी. मैंने इसके लिए लिखकर दिया था वहाँ? चलो, अंदर! पहले हाज़िरी लगाओ!"

ते हलेनात. मी उठले, सतबीरचा डबा उचलून त्याच्या हातात कोंबला आणि त्याला फाटकाकडे ढकललं. तो एक वळला, मग बाकीचे वळले. एकेक कार्ड लागत गेलं, एकेक हिरवा दिवा. मी बाहेर उभी राहून मोजत होते. शेवटचा सतबीर आत गेला तेव्हा आठला एक मिनिट कमी होतं.