फुटाणीचं अंथरूण

घर भाड्याने देताना सुगराबी चाचींनी अटी तोंडी सांगितल्या होत्या. कुत्रं नको, मांजर नको, कोंबडी नको. उंदराचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. उंदीर कोणी आपणहून पाळेल, हे त्यांच्या डोक्यात तरी कुठून येणार? मी त्या एवढ्याशा फटीतून दोन उंदीर घरात घेतले होते, आणि तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मी आधी दाराला कडी घालायचे.

उंदीर म्हणजे तसले नव्हेत. पांढरे, गुलाबी कानांचे. माझा धाकटा भाऊ संघर्ष पुण्याला फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. तिथे पिल्लं जास्त झाली तेव्हा त्याने दोन माद्या मितूसाठी आणल्या. मितू माझी मुलगी, दुसरीतली. मांडवगण फराट्याहून दौंडला आल्यापासून ती शाळेत कोणाशी बोलत नव्हती. बाई विचारायच्या, ही मुकी आहे का हो? घरी आली की दप्तर ठेवून भिंतीला टेकून बसायची. उंदीर आले आणि पोरगी बोलायला लागली. आधी त्यांच्याशी, मग माझ्याशी. एकीचं नाव ठेवलं शेंगी. दुसरी जरा फुगलेली, म्हणून फुटाणी. मला कितीही धास्ती वाटली तरी आता त्यांना घालवायचं कसं?

धास्ती दोन गोष्टींची. एक रोगाची. सुरतेच्या प्लेगच्या बातम्या चार वर्षांपूर्वीच तर वाचल्या होत्या. संघर्षने शपथा घेतल्या तरी मी मितूचे हात इतक्यांदा धुवायचे की ती म्हणायची, आई, रेघा जातील. दुसरी धास्ती वासाची. वरच्या मजल्यावर माझं वरण करपणार, हे चाचींना खाली माझ्याआधी कळायचं. नवऱ्याला, सतीशला, विचारावं की घरात वास येतो का, तर तो रेल्वेत, डिझेल इंजिनावर. त्याच्या नाकाला डिझेलपलीकडचं जग राहिलं नव्हतं.

उपाय खालीच सापडला. चाचींचे यजमान इब्राहिमचाचा सुतारकाम करायचे. त्या दिवसांत कुरकुंभच्या एमआयडीसीत यंत्रं यायची ती ज्या लाकडी खोक्यांतून, ती खोकी ते विकत घेत आणि त्यांच्या खिडक्या करत. परदेशी लाकूड. रंधा फिरला की असा गोड वास सुटायचा की जिन्यात थांबून श्वास घ्यावा. मी पोतंभर ढलप्या मागितल्या.

"कशाला गं?" चाचींनी विचारलं.

"शेगडीला, चाची."

"गॅस हाय की तुझ्याकडं."

"अंघोळीच्या पाण्याला. लाकडावर तापलेलं पाणी अंगाला मानवतं."

शिकलेल्या बाईच्या तोंडून असलं काही कसं निघतं, मला ठाऊक नाही. पण दूध ठेवायच्या जुन्या जाळीच्या कपाटात मी उंदरांचा संसार थाटला होता, त्यात ढलप्या पसरल्या आणि वास कुठच्या कुठे गेला. चार दिवसांनी चाची दारातूनच म्हणाल्या, "माया, तुझ्या घरात आलं का नव्या कपाटात शिरल्यागत वाटतं बघ." मी हवेत.

मग फुटाणी शिंकायला लागली. एवढीशी शिंक, काडी मोडल्यासारखी. पुन्हा पुन्हा. मी खिडकी उघडली, बंद केली. एका दुपारी पाहते तर तिच्या नाकाशी लाल. मितूच्या डोळ्यांत पाणी. पुण्याला फोन करायचा तर फोन एकच, तोही चाचींच्या बैठकीत.

चाची फोनशेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या. आपण ऐकत नाही असा चेहरा करून.

"संघर्ष, पोरीला सारख्या शिंका येतायत रे."

"मितूला?" तिकडून.

"जी जास्त खाते तिला."

तो समजला. चाचींचा हात तांदळात थांबला.

"नाकाशी लाल दिसतंय. रक्त आहे का?"

"रक्त नाही, ताई. नाका-डोळ्यांना त्रास झाला की ह्यांना तसलं लाल पाणी येतं. खातेपिते ना? लेंड्या कशा आहेत?"

मी चाचींकडे पाठ केली. "नेहमीसारख्या. काळ्या, सुट्या सुट्या. तांदळाएवढ्या."

मागे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"शेपूट बघितलीस? जखम वगैरे?"

"मागचं सगळं बरं आहे."

"मग अंथरूण बघ. कशावर ठेवलंयस?"

"लाकडाच्या ढलप्यांवर."

"पोरीला?" हे चाची. एवढा वेळ धरून ठेवलेलं त्यांच्या तोंडून निसटलंच.

संघर्ष मात्र भडकला होता. "ताई, तो वास तुला गोड लागतो. त्यांचं नाक त्यातच, दिवसरात्र. छातीला चढतो तो. आधी काढून टाक. आणि कापूर, डांबरगोळी, फिनेल, असला काही शहाणपणा करू नकोस. अंड्यांचे कोरे ट्रे फाडून घाल, वर मऊ सुती कापड. ओला झालेला कोपरा रोजच्या रोज उचलायचा."

"पण वासाचं काय?" मी हळूच म्हणाले. "इथे माणसांना नाकं आहेत."

"रोज उचललंस तर वास येईल कशाला?"

मी फोन ठेवला. चाची माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू हिला पोलिसांत द्यावं की डॉक्टरकडे न्यावं. मी "येते हं" म्हणून जिना गाठला.

सतीश नुकताच ड्यूटीवरून आला होता. एक बूट काढून झाला होता. मी तो पुन्हा घालायला लावला आणि त्याला अंड्यांच्या दुकानाकडे पिटाळलं. "पेशंट कोण आहे?" त्याने विचारलं. "फुटाणी." "मग ठीक," म्हणाला आणि गेला. ट्रे आले. मी आणि मितू फाडत बसलो. बी.एस्सी.ला अमोनियाची परीक्षानळी नाकाशी धरून ठसका लागलेला, तो मला आता आठवला. उंदरांचा वास तोच तर होता. ढलप्यांनी तो नुसता झाकला होता, आणि झाकलेला तो, वर लाकडाचा तो, असे दोन्ही फुटाणीच्या वाट्याला. झाकलेलं चाचींच्या नाकाला कळलं नाही. फुटाणीच्या नाकाला कळलं.

कपाट पुसून ट्रेचे तुकडे घातले. माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा, दोरे पायात अडकू नयेत म्हणून कडा दुमडून टीप मारलेला, वर अंथरला. आणि लाकडाचा गोड वास घरातून गेला तसा राहिलेला वास स्वतःच्या पायावर उभा राहिला. फार नाही. पण होता.

तेवढ्यात जिन्यावर चाचींच्या चपला.

"आई," मितू म्हणाली, "ढलप्या परत टाकू? चाचींना वास येईल."

पोतं दाराशीच होतं. दोन मुठी टाकल्या असत्या तर भागलं असतं. फुटाणी कापडाच्या घडीत शिरून नाक पुसत होती, दोन्ही हातांनी, एखाद्या म्हातारीसारखं.

"नको," मी म्हणाले.

चाची आत आल्या त्या वाफाळता काढा घेऊनच. आलं, तुळस, मिरी. मितू शेंगदाणे खात बसली होती. चाचींनी तिच्या कपाळाला हात लावला, नाक वर करून पाहिलं, जीभ काढायला लावली.

"ताप न्हाई. रगत कुठंय?"

मितूने माझ्याकडे पाहिलं. ती उठली, कपाट उघडलं आणि ओंजळ पुढे केली. "ही आजारी आहे."

चाची कॉटवर केव्हा चढल्या ते मला दिसलंच नाही. काढ्याचा थेंब मात्र सांडला नव्हता.

"म्हंजी ते तांदळाएवढं... हिचं?"

"हो, चाची."

"आन् मी निवडलेला तांदूळ म्हशीला घालाया काढून ठेवला." त्यांनी श्वास घेतला, मग पुन्हा घेतला, नाकाने, लांब. "आख्खा जलम ह्यांना पिंजऱ्यात धरून नदीला नेऊन सोडण्यात गेला माझा. आन् तू शिकली-सवरलेली बाई, त्यांना अंथरूण घालतीस. उद्या पाळणा बांधशील. उचल हे, आजच्या आज."

मी तोंड उघडायच्या आत मितू बोलायला लागली. आधी बारीक आवाजात, मग वेग घेत. ह्या तसल्या उंदरिणी नाहीत, ह्या नाव घेतलं की येतात, फुटाणीला ढलप्यांनी बाधलं, आता अंथरूण ती स्वतः रोज बदलणार, ओला कोपरा शाळेत जाण्याआधी उचलणार, आणि चाचींनी हवं तर एकदा पाठीवर हात फिरवून बघावा, शेपटीला हात लावायला नको वाटलं तर नको.

चाची कॉटवर तशाच उभ्या. "ही बोलती व्हय?" त्यांनी मला विचारलं. "मला वाटलं, बिचारी..." पुढचं त्यांनी गिळलं. खाली उतरल्या. आणलेला काढा वाया कशाला जायचा, म्हणून मला प्यायला लावला.

"अट ऐक," त्या मितूला म्हणाल्या, मला नाही. "ज्या दिवशी मला वास आला, त्या दिवशी दोघी भाईर. आन् मी कवाबी येईन."

आल्याही. सकाळी दूध द्यायला, दुपारी सुई मागायला, संध्याकाळी काहीच न मागायला. दारात थांबायच्या, नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि जायच्या. मितू कोपरा उचलायची. मी ती शाळेत गेल्यावर पुन्हा बघायचे, कापड उन्हात टाकायचे, कपाटाशी गुडघे टेकून वास घ्यायचे. फुटाणीची शिंक कमी कमी होत थांबली. लाल दिसेना. तरी मला झोप कशी ती नव्हती. येत नसलेला वासही मला येत होता.

एका संध्याकाळी चाची उंबऱ्यातच थबकल्या.

"वास येतोय."

सतीश चहा पीत होता. मितूच्या हातातली पेन्सिल थांबली. मी सकाळपासून दोनदा पाहिलं होतं.

चाची सरळ कपाटाकडे गेल्या. वाकल्या. जाळीला नाक लावलं. आतून फुटाणी आली आणि तिनेही नाक लावलं. दोघी एकमेकींचा वास घेत बराच वेळ तशाच.

"हितं न्हाई," चाची म्हणाल्या.

मग त्या नाकाच्या मागे मागे निघाल्या. स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, कॉटखाली, आणि शेवटी दाराआडचा कोपरा. तिथे सतीशचे बूट होते. बुटांत मोजे.

"सतीश, हे कवा धुतलं व्हतं?"

सतीशने कप खाली ठेवला. "आताच की, चाची. मागच्या..."

"अट म्हंजी अट."

बूट जिन्यात गेले, मोजे गच्चीत. चाचींनी दार ओढून पुन्हा एकदा वास घेतला, मान हलवली आणि उतरून गेल्या.

सकाळी सतीश ड्यूटीला निघाला, बुटात पाय घातला आणि थांबला. आत काहीतरी होतं. अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, बारीक फाडून, नीट दाबून भरलेले.

"रोज बदलायचे हं, पप्पा," मितू दप्तर पाठीला लावत म्हणाली.